उंची आणि उतार

चालू असलेल्या ४०० केव्ही लाइनवर बसून नट आवळणारा हॉटलाइनवाला पाहिला, की नवखा माणूस हमखास म्हणतो, ‘त्याचा सूट रबराचा असणार.’ रबराचा नसतो. सूट, टोपडं, हातमोजे, पायमोजे, सगळ्यांत धातूचे तंतू विणलेले असतात. म्हणजे तो माणूस चक्क वाहकाच्या आत बसलेला असतो.

वाहकात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. आत जरासं विद्युतक्षेत्र उरलं तरी ते सरकतात, आणि ते क्षेत्र पुसलं जाईपर्यंत थांबत नाहीत. जादा प्रभार सगळा पृष्ठभागावर येतो, आत क्षेत्र शून्य. इथवर विद्यार्थी बरोबर लिहितात. पुढे बरेच जण ‘म्हणून विभवही शून्य’ असं ठोकून देतात. कासचं पठार समुद्रसपाटीपासून हजारावर मीटर उंच आहे, पण सपाट भागावर ठेवलेला चेंडू गडगडत नाही. विभव म्हणजे उंची, क्षेत्र म्हणजे उतार. तारेवरच्या माणसाचा विभव जमिनीच्या तुलनेत २३१ हजार व्होल्ट असतो (४०० हा आकडा दोन फेजांमधला), पण डोक्यापासून पायापर्यंत तो सारखाच. धोका कड्यावर, म्हणजे लाइनजवळ जाताना. इन्सुलेटेड शिडीवरून पुढे सरकताना तो आधी धातूची कांडी तारेकडे नेतो. तडतडत ठिणगी उडते, कांडी टेकते, सूट तारेला जोडला जातो. मग काम सुरू.

फॅरडेने हे १८३६ मध्येच अंगावर घेऊन पाहिलं होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने बारा फुटांचा घन उभारला, लाकडी सांगाड्यावर तारा आणि धातूचा पत्रा चढवून. बाहेरून ठिणग्या उडत असताना तो पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतदर्शक घेऊन आत बसला. आत काहीही हललं नाही.

माझ्या धंद्यातली खरी डोकेदुखी मात्र आत नसून पृष्ठभागावर असते. विभव सगळीकडे एकच असला तरी क्षेत्र एकसारखं नसतं. एकट्या गोलाच्या पृष्ठभागावर क्षेत्र म्हणजे विभव भागिले त्रिज्या. २३१ हजार व्होल्टवर १ मीटर त्रिज्येच्या गोलाला ते सेंटिमीटरला २.३१ हजार व्होल्ट येतं. १ सेंटिमीटरच्या गोळीला २३१ हजार. हवा साधारण ३० हजारांनाच हात टेकते. म्हणून टोकदार काहीही आम्हाला खपत नाही. म्हणूनच ४०० केव्हीला प्रत्येक फेजला बहुधा सुमारे ३२ मिलिमीटर जाडीच्या दोन ‘मूस’ तारा ४५ सेंटिमीटर अंतरावर ठेवतात: दोन्ही मिळून एका जाड तारेसारख्या वागतात. मध्य प्रदेशात बीना इथल्या १,२०० केव्हीच्या चाचणी लाइनला तर एकेका फेजला आठ तारा आहेत.

तरीही पावसाळ्यात लाइनखाली उभं राहिलं की चरचर ऐकू येतेच. तारेच्या पोटाला लोंबणारा थेंब क्षेत्राने ओढला जाऊन टोकदार होतो आणि टोकाशी हवा फुटते. थेंबाला आम्ही काही करू शकत नाही. ओरखड्याला करू शकतो. नवी तार ओढताना दगडावर घासली तर अॅल्युमिनियमला कुसळं उठतात, त्यामुळे ती ताण देऊन अधांतरीच ओढतात. यावर साइटवर मुकादमाशी वाजतं. त्याला घाई असते, आणि ते कुसळ त्याला दिसतही नाही.