राजाचे काळे पाय

मित्रसह हा इक्ष्वाकू कुळातला धर्मशील राजा. गुरुचरित्राच्या सातव्या अध्यायात त्याची कथा येते. सप्ताहात पहिल्या दिवशी नऊ अध्याय वाचायची प्रथा असल्याने दत्तजयंतीच्या आधी, माळशिरस-अकलूजकडे असो की अक्कलकोटकडे, पारायणाला बसणाऱ्याला हा राजा पहिल्याच दिवशी भेटतो. त्याने शिकारीत एका राक्षसाला मारले. राक्षसाचा भाऊ सूड मनात धरून आचारी म्हणून राजवाड्यात शिरला आणि श्राद्धाच्या दिवशी राजाचे गुरू वसिष्ठ यांच्या पानात नरमांस वाढले गेले. वसिष्ठांनी शाप दिला : ब्रह्मराक्षस होशील. राजाला यातले काहीच ठाऊक नव्हते. खरा प्रकार कळल्यावर शापाला बारा वर्षांची मुदत मिळाली, पण शब्द मागे गेला नाही.

आपला दोष नसताना शाप मिळाला म्हणून राजानेही गुरूला उलट शाप देण्यासाठी ओंजळीत पाणी घेतले होते. राणी मदयंतीने त्याला आवरले. पाणी मंतरलेले, ते परत भांड्यात ओतता येत नाही. राजाने ते स्वतःच्या पायांवर सोडले. पाय काळे पडले आणि राजाचे नाव कल्माषपाद झाले.

पायांवरच का, याचे उत्तर विष्णुपुराणात आहे. पाणी जमिनीवर टाकले तर पिके जळतील, आकाशात उडवले तर ढग जळतील, म्हणून राजाने ते अंगावर घेतले. भागवतातही हाच प्रसंग आहे. तिथे दिशा, आकाश, पृथ्वी सगळीकडे जीव भरलेले दिसतात म्हणून तो पाय पुढे करतो. माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला. नीरेचा उजवा कालवा आहे म्हणून माळीनगर, शंकरनगर, सदाशिवनगर इथे ऊस उभा राहिला. कालवा पोचत नाही तिथे ढगाकडेच बघावे लागते. अशा मुलखात ढग वाचवणाऱ्या राजाची बाजू कोणाला समजावून सांगावी लागत नाही. जळक्या उसाच्या फडात तोड करणाऱ्यांचे पाय काजळीने घोट्यापर्यंत काळे होतात. भेगांत बसलेली काजळी एका धुण्यात निघत नाही. कल्माष म्हणजे तोच रंग.

मराठीत मात्र या कृतीला चांगले नाव नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे म्हणजे मूर्खपणा. म्हण बोलते ती हिशेबाने : धोंडा पडला, पाय गेला, लाभ कोणाचाच नाही. धोंडा आधी कोणावर पडणार होता, हे ती विचारत नाही. मित्रसहाच्या बाबतीत तोच खरा प्रश्न आहे. धोंडा हवेत होता आणि कुठेतरी पडणारच होता. म्हणीतला माणूस आणि हा राजा लांबून सारखेच दिसतात, दोघेही पाय धरून बसलेले. फरक बघायचा तर धोंडा सुटण्याआधीचा क्षण बघावा लागतो, आणि तो क्षण म्हणीत नाही.

पाऊस लांबला की खेड्यांत धोंडी निघत असे. एका पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, त्याला दारोदार न्यायचे, आणि बायांनी त्याच्यावर तांब्याने पाणी ओतायचे. विहिरीने तळ गाठलेला, प्यायला पाणी नाही, तरी तांब्याभर पाणी त्या एका अंगावर जाई. साऱ्या शिवाराच्या वतीने एकाने भिजायचे. पोराचे पाणी पाऊस बोलावण्यासाठी आणि राजाचे पाणी पाऊस वाचवण्यासाठी, पण दोन्हीकडे अंग एकाचेच. पोर घरी जाऊन अंग पुसते. राजा अरण्यात जातो.

अरण्यात त्याने वाटेवरच्या जोडप्यातल्या ब्राह्मणाला धरून खाल्ले. बायको विनवत राहिली, त्याने ऐकले नाही. तिने शाप दिला : माणूस झाल्यावर राणीजवळ जाशील तेव्हा मरशील. बारा वर्षे सरली, देह पूर्ववत झाला, पण ब्रह्महत्या पाठीशी राहिली आणि गौतम ऋषींच्या सांगण्यावरून त्याला गोकर्ण गाठावे लागले. खाल्ले ते राक्षसाने. भरले ते राजाने. हे न्याय्य म्हणावे, तर ज्याने पिके वाचवली त्यालाच गुन्हेगार धरावे लागते. अन्याय्य म्हणावे, तर त्या बाईने दाद कोणाकडे मागायची?

महाभारताच्या आदिपर्वात राजा इतका निर्दोष नाही. तिथे अरुंद वाटेवर वसिष्ठपुत्र शक्ती समोर येतो. आधी कोणी बाजूला व्हायचे यावरून वाद होतो, राजा चाबूक मारतो, शक्ती शाप देतो; पुढे विश्वामित्राच्या प्रेरणेने राक्षस राजाच्या अंगात शिरतो आणि तो शक्तीसह वसिष्ठांचे शंभर पुत्र खातो. आषाढीच्या वारीत धर्मपुरीपासून नातेपुते, माळशिरस, वेळापूरपर्यंत ज्ञानोबांच्या पालखीला वाट करून देणाऱ्या लोकांना चाबकाची ही कथा जास्त पटेल. पण ती पटली की ओंजळीतले पाणी हातून निसटते.

1997 च्या आरंभी आलेल्या ‘डायब्लो’ या संगणकीय खेळात लिओरिक नावाचा असाच सज्जन राजा आहे. सैतान त्याला पुरता ताब्यात घेऊ शकत नाही. त्या झटापटीत राजाला वेड लागते आणि तो प्रजेवर उलटतो. त्याचाच सेनानी लाखदानन त्याला मारतो. मग तो सांगाडा होऊन उठतो, आणि खेळणाऱ्याने त्याला पुन्हा मारायचे असते. बारा वर्षांची मुदत तिथे नाही, गोकर्णही नाही. मेलेल्या राजाला शांत करायचा तेवढा एकच मार्ग खेळात आहे, आणि कल्माषपादाने खाल्लेल्या ब्राह्मणाच्या बायकोला कदाचित तोच योग्य वाटला असता.

महाभारतातही ब्राह्मणाच्या बायकोच्या शापामुळे राजाला वंश उरत नाही. त्याच्या विनंतीवरून वसिष्ठांपासून मदयंतीला गर्भ राहतो. तो बारा वर्षे बाहेर येत नाही. शेवटी राणी स्वतःच्या पोटावर दगड मारून घेते आणि मुलगा जन्मतो. दगडावरून त्याचे नाव अश्मक. गोदावरीकाठचे अश्मक हे सोळा महाजनपदांपैकी दक्षिणेतले एकमेव जनपद होते.