काँटेसाचा रेडिएटर: तांबं की अॅल्युमिनियम?

बाबांच्या काँटेसाचा रेडिएटर गेला. हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी 2002 मध्ये बंद केली, त्यामुळे कंपनीच्या नव्या पार्टची आशा सोडलेली. इंजिन इसुझुचं, 1.8 लिटर, आणि बोरगाव मेघेतला मे महिना म्हणजे 45 डिग्री! तडजोड नाहीच.

शनिवारी रीतसर एक्सेल शीट उघडली. तांब्याची उष्णतावाहकता 400 च्या आसपास, अॅल्युमिनियमची 240 (वॅट प्रति मीटर-केल्विन). तांबं जिंकलं? थांबा मंडळी! तांब्याची असते ती फक्त जाळी. पाणी वाहतं त्या नळ्या पितळेच्या, त्यांचा आकडा 110-120. शिवाय अॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद, वजनही कमी. शीटचा कौल: अॅल्युमिनियम.

बाबा म्हणाले, "तू तं पुण्याले. आर्वीच्या रस्त्यावर गळला तं कोण पाहीन?"

हा कॉलम जोडला आणि निकाल फिरला. तांब्या-पितळेला डाग देऊन गळती बुजवता येते; अॅल्युमिनियमला टिग वेल्डिंगवाला शोधा. शेवटी जुन्या टाक्यांना तांब्याची नवी जाळी बसवून घेतली.

रेसिंग करायची तर खुशाल अॅल्युमिनियम घ्या. पण गाडी राहते तिथे दुरुस्त होईल तोच रेडिएटर चांगला, असं आपलं मत. बाबा आता एकटे आर्वीला गेले तरी मी पुण्यात निवांत असतो.