प्रतिभेचा लगाम

शिस्त आणि प्रतिभा यांचे हाडवैर आहे, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. कवी म्हटला की तो विसराळू असावा, चित्रकार म्हटला की त्याचे केस विस्कटलेले असावेत, आणि पाढे घोकणाऱ्या मुलाच्या हातून नवे काही घडणे नाही, असे आपण सहज बोलून जातो. इंदुरातील एका मराठी शाळेत अनेक वर्षे भाषा शिकविताना हा समज मी पालकांच्या तोंडून ऐकला आहे, विद्यार्थ्यांच्या निबंधांतून वाचला आहे. माझ्यापुरता हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. मनाला वळण लावल्याने त्याचे पंख छाटले जात असतील, तर आम्हां शिक्षकांचा अर्धा व्यवसायच पाप ठरेल!

उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. इंदूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) याच नगरीत वाढले. वडील शाहमीर खाँ यांनी त्यांच्याकडून मेरुखंडाचा रियाज करवून घेतला. मेरुखंड म्हणजे निवडलेल्या स्वरांचे जेवढे क्रम संभवतात, तेवढे सगळे घोटणे. तीन स्वरांचे ६ क्रम होतात, चारांचे २४ आणि सातांचे ५०४०. मिनिटाला एक या वेगाने ते म्हणावयाचे ठरविले, तर अन्नपाणी व झोप सोडूनही साडेतीन दिवस लागतील. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त हे गणित मांडून ठेवले आहे.

वरकरणी पाहता याहून रुक्ष घोकंपट्टी कोणती असेल? परंतु खाँसाहेबांचा विलंबित ख्याल ऐकताना गणिताची आठवणही होत नाही. एक स्वरवाक्य संपते, पुढचे कसे येणार याचा आपण अंदाज बांधतो, आणि ते भलत्याच दिशेने येते. तरीही ते तसेच यावयास हवे होते असे वाटते. सवयीचा गळा दोनचार मळलेल्या वाटांनीच जातो. मेरुखंडाने घोटलेल्या गळ्यापुढे सर्व वाटा खुल्या असतात, आणि म्हणूनच त्यांपैकी बहुतेक नाकारून एकीचीच निवड करणे त्याला शक्य होते.

इंदूरच्या शेजारीच असलेल्या देवासची कथा याच्या उलट बाजूची आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन तेथे आले, आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. गवयाने गाऊ नये, याहून कठोर निग्रह कोणता? परंतु कंठ बंद असला तरी कान उघडे होते. माळव्यातील बायाबापड्यांची गाणी त्यांनी त्या काळात मनात साठविली, आणि पुढे त्या धुनांतून नवे राग उभे केले. रोगाने एक फुप्फुस निकामी झाले, तेव्हा तोकड्या श्वासाला साजेशी गायकी त्यांनी घडविली. जुनी वाट खुंटली असता दुसरी पाहणे ही मनाची लवचीकता. आणि ती सापडेपर्यंत धीर धरणे हा मनाचा संयम.

थोरांची उदाहरणे देऊन थांबलो तर तुम्ही म्हणाल, ‘सर, ते अलौकिक पुरुष, आमचे काय?’ म्हणून आपल्याच शाळेतील एक अनुभव सांगतो. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० साली सर्जनशीलतेचा प्रश्न आपल्या शास्त्रापुढे आग्रहाने मांडला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका कसोटीत नित्याच्या वस्तूचे शक्य तितके उपयोग सुचवावयाचे असतात. मी नववीच्या वर्गाला ‘वीट’ हा विषय दिला आणि दहा मिनिटे मौन पाळावयास सांगितले. भिंत, चूल, दाराला टेकण, गल्लीतील क्रिकेटची यष्टी, दिवाळीतला किल्ला, भांडी घासावयास पूड, अशी उत्तरे भराभर आली. चारपाच मिनिटांत बहुतेक लेखण्या खाली ठेवल्या गेल्या.

एक मुलगी मात्र लिहीत होती, खोडीत होती, थांबत होती. सावकाश लिहिते म्हणून परीक्षेत तिची उत्तरपत्रिका नेहमी अपुरी राही आणि मुले तिला ‘मंद’ म्हणत. तिने सर्वांकडे आढळणारी उत्तरे लिहून त्यांवर रेघ मारली होती, आणि खाली एवढेच लिहिले होते : ‘आपण कामात असलो, तर पाहुण्याला उभे राहावयास द्यावी.’ मी ते वाचून दाखविताच वर्ग हसला. ती हळूच म्हणाली, “पुंडलिकाने दिली होती ना, सर!” वर्ग एकदम शांत झाला.

त्या दिवसापासून पुंडलिकाची कथा मला निराळीच दिसू लागली आहे. साक्षात परब्रह्म दारी आले असता आईबापांच्या पायांवरचा हात त्याने काढला नाही. हा मनाचा निग्रह. आणि भिंतीसाठी भाजलेली वीट क्षणात देवाचे आसन झाली. ही मनाची लवचीकता. निग्रह नसता तर तो उठून धावला असता, आणि विटेची गरजच पडली नसती. लवचीकता नसती तर देव माघारी गेला असता.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या घड्याळाला खोडलेल्या ओळींची किंमत कळत नाही, हे दुःख खरे आहे. आमच्यासारख्यांनी ती ओळखली पाहिजे. परंतु तुमच्या हाती एक गोष्ट आहे. मनात प्रथम येणारे उत्तर बहुधा सर्वांचेच असते. त्याला आदराने बाजूस बसवा आणि थोडे थांबा. त्या थांबण्यात जो जीव कासावीस होतो, त्याला रिकामेपण समजू नका. तुमचे स्वतःचे उत्तर बहुधा त्याच्या पलीकडे असते.