चुकीच्या कोडलाही उत्तर हवं

कंपायलरला चुकीचा कोड दिला तर त्याने चूक दाखवावी, ओळ सांगावी आणि पुढची चूक शोधायला लागावं. शिकणाऱ्याच्या कोडवर तो स्वतःच कोसळला, की त्या मुलाला वाटतं आपण काहीतरी मोडलं. माझ्या पुतणीला तसंच वाटलं होतं.

ती धाराशिवला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. जमिनीतला ओलावा मोजून ठिबकचा पंप चालू-बंद करायचा, असा प्रकल्प तिने घेतलेला. आमच्या जिल्ह्यात पाण्याचा विषय शोधत जावं लागत नाही. बोर्ड मी दिला होता. त्यासोबतचा कंपायलर जीसीसी या खुल्या कंपायलरवर बेतलेला होता. चिप बनवणाऱ्यांनी त्यात आपली भर घातली होती.

"काका, बघा की. नुसताच बंद पडतोय. पुन्हा इन्स्टॉल करू का?"

"थांब, काही पुसू नकोस," म्हणालो.

पडद्यावरच्या शेवटच्या ओळीचा अर्थ होता: आधीच्या चुकांमुळे गोंधळ झाला, काम थांबवतो. तिने तेवढंच वाचलेलं. खरी चूक बरीच वर, हेडर फाइलींच्या इशाऱ्यांच्या गर्दीत होती. वर 'मॅक्स_नोंदी' असं नाव दिलेलं आणि अ‍ॅरेच्या कंसात मात्र 'मॅक्स_नोंद'. एक वेलांटी राहिली, एवढंच. ती दुरुस्त करून तिचं काम सुरू झालं. पण माझं पोटापाण्याचं कामच कंपायलरचं, त्यामुळे मला तो विषय सोडवेना.

तोच अ‍ॅरे मूळ जीसीसीला दिला. त्याने नाव जाहीर केलेलं नाही एवढं सांगितलं आणि शांतपणे पुढे गेला. म्हणजे दोष चिपसाठी घातलेल्या भरीत होता. कोणता व्हेरिएबल कुठल्या मेमरीत ठेवायचा हे सांगणारा एक खास अ‍ॅट्रिब्यूट त्या भरीत होता आणि तो पुतणीने त्याच अ‍ॅरेला लावला होता.

दोष नेमका कुठे आहे हे कळायला आता उदाहरण लहान करायचं होतं. प्रीप्रोसेसरमधून काढल्यावर चिपच्या रजिस्टरांच्या व्याख्यांसकट फाइल हजारो ओळींची झाली. अशा वेळी सी-रिड्यूस कामाला येतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या जॉन रेगेर आणि सहकाऱ्यांनी केलेलं हे साधन. त्यावरचा त्यांचा निबंध 2012 चा. ते फाइलचा एकेक तुकडा काढून बघतं, बिघाड टिकला तर तुकडा कायमचा फेकतं. बिघाड टिकला की नाही, हे ठरवणारी छोटी स्क्रिप्ट मात्र आपण लिहायची, आणि सगळी मेख तिथेच असते. कोड बरोबर असेल तर दुसऱ्या एखाद्या कंपायलरला विचारता येतं, बाबा, हा तुला मान्य आहे का? इथे कोड मुळातच चुकीचा. स्क्रिप्ट ढिली ठेवली तर सी-रिड्यूस कंस तोडून, नावं उडवून असला कचरा हाती देतं, की कंपायलर भलत्याच जागी पडतो आणि आपण भलत्याच दोषामागे लागतो. म्हणून दोन अटी घातल्या: पहिली चूक जाहीर न केलेल्या नावाचीच हवी, आणि कोसळण्याची जागा त्याच फंक्शनमधली हवी.

रात्री लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरीही संपली. तरी काम वाया गेलं नाही, कारण सी-रिड्यूस कमी झालेली फाइल जागेवरच लिहीत जातं. सकाळी तिथूनच पुढे सुरू केलं. शेवटी उरली एकच ओळ: अ‍ॅरे, कंसात अनोळखी नाव, आणि तो अ‍ॅट्रिब्यूट.

मग आतल्या तपासण्या चालू ठेवून कंपायलर पुन्हा बांधला. आता तो स्पष्ट बोलला: इथे टाइप अपेक्षित होता, मिळाला एरर मार्क. चूक सापडली की जीसीसी त्या जागी एरर मार्क नावाची खूण ठेवतो, म्हणजे पुढच्यांनी ती पाहून बाजूला व्हावं. अ‍ॅट्रिब्यूट तपासणारं फंक्शन व्हेरिएबल ठीक आहे ना एवढंच बघत होतं. व्हेरिएबल ठीकच होता. खूण त्याच्या टाइपवर होती. फंक्शनने त्या टाइपचा आकार विचारला आणि सगळं कोसळलं. दोन्ही जागा एकदम तपासायची सोय जीसीसीत तयारच आहे, एरर ऑपरंड पी. ती वापरली, एका ओळीत दुरुस्ती झाली. ती एका ओळीची फाइलही चाचणी म्हणून दुरुस्तीसोबत चिप बनवणाऱ्यांना पाठवली.

जीसीसीच्या अंतरंगाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. आयआयटी मुंबईत उदय खेडकरांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं, कार्यशाळा घेतल्या. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबतचं डेटा फ्लो अ‍ॅनॅलिसिसवरचं त्यांचं पुस्तक 2009 चं. मुंबईत झालेलं ते शिक्षण आमच्या मराठवाड्यातल्या कॉलेजांपर्यंत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

चुकीच्या कोडवर कोसळण्याच्या तक्रारींना जीसीसीच्या नोंदवहीत वेगळा शिक्का आहे, आणि त्या बहुधा मागे पडतात. कोड चुकीचाच होता ना, मग घाई कसली, हा त्यामागचा विचार. मला तो पटत नाही. लिहिता लिहिता कोड बहुतेक वेळ अर्धवटच असतो. क्लँगडीसारखी साधनं एडिटरमध्ये बसून असाच अर्धवट कोड क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या पार्सरने सतत वाचत असतात. तिथे पार्सर पडला तर लिहिणाऱ्याची मदतच बंद होते.

तेव्हा 'इंटर्नल कंपायलर एरर' किंवा गोंधळ झाल्याचा संदेश दिसला, तर मुलांनो, फाइल पुसू नका. आधी वर जाऊन पहिली चूक वाचा. मग प्रीप्रोसेस केलेली फाइल, कंपायलरची आवृत्ती आणि दिलेली पूर्ण आज्ञा जपून ठेवा, आणि कंपायलर बनवणाऱ्यांना कळवा.