बाल्कनी हवीच!

अमरावतीचं माझं माहेर, अकोल्याचं सासर. दोन्हीकडे समुद्र फक्त टीव्हीवर. त्यामुळे हनिमूनला क्रूझ म्हटल्यावर होणाऱ्या सासूबाई उद्गारल्या, ‘पाण्यावर झोपाचं? काय बाप्पा!’

२०१८मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, तेव्हापासूनचं हे माझं खूळ. ती बंद पडली. २०२१मध्ये मुंबईहून कॉर्डेलियाच्या सफरी सुरू झाल्या आणि खूळ परत जागं झालं. मग बसलो हिशेबाला. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, म्हणून तारीख हिवाळ्यातली. सफर देशातल्या देशात, त्यामुळे पासपोर्टची कटकट नाही, ओळखपत्र पुरे. मात्र पोर्ट चार्जेस नि जीएसटी धरूनच भाडं मोजायचं. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस रात्री अकोल्याहून पकडली की सकाळी सीएसएमटी. बॅलार्ड पिअर तिथून जवळच.

गाडी अडली केबिनवर. आतली, बिनखिडकीची स्वस्त. बाल्कनीची चांगलीच महाग.

‘झोपायला खिडकी कशाला?’ तो म्हणाला.

‘परत आल्यावर दोन खोल्यांत सहा माणसं. दोघांनाच निवांत बसायला जागा कुठंय?’

तो गप्प. मग रिसेप्शनचा डीजे कापला नि बाल्कनी बुक केली. नातेवाईक नाचणार नाहीत, रुसतील. रुसू देत! तीन दिवस का होईना, आमच्या दोघांचं अंगण असेल, समोर अख्खा समुद्र असलेलं.