होडीखालचं हसू

घोडा खूर उचलतो तिथवर सगळं ठीक असतं.

२०१३च्या 'फ्रोझन'मधला तो प्रसंग. आरेंडेलच्या धक्क्यावर राजकन्या अॅना आणि राजपुत्र हान्स यांची टक्कर होते. अॅना काठावरच्या होडीत जाऊन पडते आणि कलंडणारी होडी हान्सचा घोडा, सिट्रन, खूर टेकवून धरून ठेवतो. राज्याभिषेकाच्या घंटा वाजतात. अॅना धावत सुटते, जाताजाता हात हलवते. हान्सही हलवतो, त्याचं पाहून घोडाही खूर उचलून हलवतो आणि होडी हान्ससकट पाण्यात. हान्स वर येतो, डोक्यावरची पालथी होडी उचलून धरतो, ती गेली त्या दिशेला पाहतो आणि हसतो. मऊ, भारावलेलं हसू. त्या क्षणी त्याच्यावर नजर ठेवून असलेलं कोणीही नाही.

पुढे कळतं, की या माणसाला अॅना कधी नकोच होती. सिंहासन हवं होतं. बारा थोरले भाऊ असल्यामुळे स्वतःच्या घरी ते त्याला मिळणार नव्हतं.

पुण्यातली एक स्टोरीबोर्ड आर्टिस्ट हा प्रसंग बरीच वर्षं वर्गात दाखवत आली. प्रेक्षकाला बेसावध कसं ठेवावं, याचा नमुना म्हणून. मागच्या पावसाळ्यात दिवे लागल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, अॅना तर निघून गेली होती. मग तो हसला कोणासाठी?"

"आपल्यासाठी," तिने पटकन सांगितलं.

"पण आपण बघतोय, हे त्याला कुठं माहीत होतं?"

त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. घंटा झाली, मुलं पांगली, आणि ती प्रोजेक्टर बंद करायचं विसरून तशीच बसून राहिली.

कथेतली भोकं मोजत बसणाऱ्यांशी तिचं कधी जमलं नाही. अॅनाच्या थोरल्या बहिणीला, बर्फाची जादू असलेल्या एल्साला, आईबापांनी खोलीत का कोंडलं, ट्रोलने अॅनाच्या त्या जादूच्या आठवणी पुसल्यावर पुन्हा तिच्यापासून एवढं लपवायचं कशाला, असे प्रश्न तिला पोकळ वाटतात. घाबरलेले आईबाप असंच वागतात. सोयरीक मोडेल म्हणून एका मुलीचं दुखणं दुसरीपासूनसुद्धा झाकून ठेवणारी घरं तिने जवळून पाहिली आहेत. मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'मध्ये (२००१) शेवटी चेटकीण युबाबा चिहिरो या मुलीसमोर डुकरं उभी करते आणि यातले डुकरं झालेले तुझे आईबाप ओळख म्हणते. चिहिरो पाहते आणि सांगते, यांत ते नाहीतच. तिला कसं कळलं, याचं स्पष्टीकरण चित्रपटात नाही. मियाझाकी स्टोरीबोर्ड पुरे व्हायच्या आतच काम सुरू करतात. शेवट त्यांना स्वतःलाही आधी ठाऊक नसतो. तरीही तिथे काही खटकत नाही. गाडीच्या मागच्या सीटवर फुलांचा गुच्छ कवटाळून फुरंगटून पडलेली पोर या टप्प्याला पोचेपर्यंत काय काय सोसून आली, ते आपण पाहिलेलं असतं. ती म्हणते ते आपल्याला पटतं.

हान्सचं दुखणं निराळं आहे. तिथे घटनेची कडी तुटलेली नाही. माणूसच दुभंगला आहे.

बर्फाच्या महालात ड्यूकचे शिपाई एल्सावर बाण रोखतात तेव्हा हान्स धनुष्य वर ढकलतो आणि बाण झुंबराला लागतो. एल्सा मेली असती तर त्याचं काम आयतं झालं असतं. इथे निदान म्हणता येतं, की तिने आणलेला हिवाळा थांबवायला त्याला ती जिवंत हवी होती. पटो न पटो, काही कारण देता येतं. होडीखालच्या हसण्याला तेवढंही देता येत नाही. दिग्दर्शिका जेनिफर ली यांनी हान्सला आरसा म्हटलं आहे. अँडरसनच्या १८४४च्या मूळ गोष्टीची सुरुवातच एका दुष्ट आरशाने होते, तो धागा धरून. समोरचा जसा, तसा हान्स. ही कल्पना तिला मनापासून आवडली. दोन दिवस तिला वाटलं, सुटलं कोडं. मग पुन्हा तोच प्रश्न: समोर कोणीच नसताना आरशात काय दिसायला हवं?

मराठी नाटकाने हा प्रश्न फार आधी सोडवला होता. देवलांचा 'झुंजारराव' 'ऑथेल्लो'वर बेतलेला. त्यातला कपटी माणूस चारचौघांत कितीही गोड बोलो, रंगमंचावर एकटा उरला की स्वगतात त्याचं पोट उघडं होतं. सगळे आत गेल्यावर उरलेलं पात्र खोटं बोलत नाही, हा प्रेक्षकाशी केलेला करार आहे. स्टोरीबोर्डमध्ये स्वगताच्या जागी एकट्या माणसाचा क्लोजअप येतो. करार तोच.

जुन्या डिस्नेने तो पाळला. 'स्नो व्हाइट'मधली राणी (१९३७) सुरुवातीलाच आरशापुढे उभी राहून तिला काय सलतं ते सांगते. 'द लायन किंग'मधला स्कार (१९९४) पहिल्याच प्रवेशात पंजात उंदीर धरून, आपण राजा होणार नाही हे बोलून दाखवतो. पुढे शेवटपर्यंत आपल्याला सगळं ठाऊक असतं आणि तरी आपण खुर्चीला खिळून असतो. नंतर मात्र खलनायक लपवायची साथच आली: 'रेक-इट राल्फ' (२०१२), 'फ्रोझन', 'बिग हीरो सिक्स' (२०१४), 'झूटोपिया' (२०१६). शेवटच्या अर्ध्या तासात मुखवटा ओढायचा आणि टाळ्या घ्यायच्या. ही घसरण आहे, असं तिचं स्पष्ट मत आहे. मुखवट्याखाली चेहराच काढलेला नसेल, तर ओढून निघणार काय?

'फ्रोझन'चं असं का झालं, याचा तिचा एक अंदाज आहे. एल्सा आधी खलनायिका होती. 'लेट इट गो' हे गाणं तयार झालं आणि ते ऐकल्यावर तिला दुष्ट ठेवणं कोणाला जमेना. तिच्यासाठी सगळी कथा नव्याने लिहिली गेली. एका खांद्यावरचं ओझं उतरलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जातं. हान्सचा खांदा मोकळा होता.

इथवर ती वर्गातही बोलते. पुढचं तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं.

तिने स्वतः हेच केलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी लहान मुलांसाठीच्या एका काल्पनिक राज्याच्या गोष्टीत, प्रधान पोरक्या राजपुत्राला वाढवतो आणि शेवटी त्याच्या दुधात विष कालवतो. मध्ये एक शॉट तिने पदरचा घातला. रात्र, राजपुत्र गाढ झोपलेला, प्रधान एकटाच आत येतो आणि सरकलेली गोधडी त्याच्या खांद्यापर्यंत ओढतो. दाखवताना खोलीत सगळे गप्प झाले होते. त्या शांततेचा तिला अभिमान होता. कामाचे नमुने दाखवायचे म्हटलं की ते पान ती सगळ्यांत वर ठेवायची. त्या प्रधानाने गोधडी का ओढली, हे तिला कधी माहीतच नव्हतं.

गेले कित्येक महिने ती तोच शॉट पुन्हा काढते आहे. दारात दासी उभी केली, तर प्रधान दाखवण्यापुरतं करतो हे लगेच फुटतं. राजपुत्राचे डोळे किलकिले ठेवले, तर पोर धूर्त होतं. गोधडी ओढताना त्याची नजर उशाजवळच्या मुकुटाकडे वळवली, तर तो बाजारू नाटकातला खलपुरुष होतो. शॉट काढूनच टाकला, तर मधला अर्धा भाग कोरडा पडतो. अंगठ्याच्या सांध्यात हल्ली कळ येते, तरी सिंटिक टॅब्लेट बाजूला ठेवून ती कागदावर शिसपेन्सिलीने काढते. कागदावर खोडलेलं दिसत राहतं.

मागच्या आठवड्यात एक चौकट उतरली. प्रधान गोधडी पाहतो, न ओढता निघतो, दारापर्यंत जातो. थांबतो. परत येऊन ओढतो आणि हात झटकन मागे घेतो, चटका बसल्यासारखा. या माणसाला पोरगा आवडतो आणि गादीही हवी आहे. तो एकटा आहे आणि खोटं बोलत नाही.

फक्त, हा माणूस दुधात विष कालवेल असं आता तिला वाटत नाही. तिने ती चौकट मागच्या बाकावरच्या त्या मुलीला दाखवली. मुलीने बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "मग मॅडम, विष कोण घालणार?"

"बस," ती म्हणाली, आणि विषाच्या प्रसंगाची जुनी पानं कपाटातून काढायला उठली.