दुसरी बाजू

परवा पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावरच्या एका टपरीवर पेन ड्राइव्ह घेतला. पाकिटावर प्रल्हाद शिंद्यांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘संपूर्ण प्रल्हाद शिंदे’. सोलापूरला घरी येऊन लॅपटॉपला लावला आणि यादी वाचत गेले. विठ्ठल, गणपती, अंबाबाई, सत्यनारायण, पुन्हा विठ्ठल. यादी संपली. भीमगीत एकही नाही. कव्वाली नाही. दुसऱ्याच नावाखाली कुठे दडलं असेल म्हणून पुन्हा वरपासून बघितलं. नव्हतंच. ‘संपूर्ण’ हा शब्द छापताना कुणाचा हात अडखळला नसेल का? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आजीचं माहेर मंगळवेढे तालुक्यातलं. प्रल्हाद शिंदेही त्याच तालुक्यातले, १९३३ चा जन्म. तेवढ्या नात्यावर ती त्यांना ‘आमचा परल्हाद’ म्हणायची. आमच्या घरातला देव्हारा आजोबांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच काढला होता, आणि ते शब्दाचे पक्के होते. त्यामुळे घरात टेपवर वाजायची ती भीमगीतं. पण आषाढ लागला की शेजारच्या गल्लीतून तोच आवाज विठोबाला हाक मारत यायचा आणि आजी मला म्हणायची, “उघड की गं ते दार, वारं तरी येऊ दे.” वारं नसायचं, सोलापुरात कुठलं वारं! आजोबा काही बोलायचे नाहीत. पेपर जरा उंच धरायचे, एवढंच.

मला राहून राहून आठवते ती वडाप जीप. आजीच्या मांडीवर मी, मागे-पुढे कोंबलेली माणसं, टपावर गाठोडी, आषाढीच्या आधीचे दिवस. सोलापूर सोडल्यापासून ड्रायव्हरची कॅसेट चालू होती. दुकानातून आपल्या पसंतीची गाणी भरून घेतलेली. अख्खी जीप टाळ्या वाजवत होती; गळ्यात तुळशीमाळ असलेल्या दोन बायका तर डोळे मिटून. बेगमपूरचा पूल आला आणि कॅसेटची बाजू संपली. डेक आपोआप उलटणारा होता. खट्ट झालं, दुसरी बाजू सुरू झाली. तोच आवाज, तोच ढोलक, तोच बेंजो, आणि गाणं बाबासाहेबांचं. जीपमधल्या टाळ्या थांबल्या. आजीच्या थांबल्या नाहीत.

त्या आवाजाची ताकद सांगायची तर आधी त्याची उंची सांगावी लागेल. रेडिओवरच्या भावगीतांनी आपल्या कानांना कुजबुजीची सवय लावलेली. हा गळा कव्वालीच्या मंचावर घडलेला. रात्रभर बसलेल्या गर्दीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते घशाच्या जोरावर. पहिला शब्दच वरच्या पट्टीत फेकायचा, तिथे क्षणभर उभं राहायचं, मग कोरसच्या हाती ओळ द्यायची. शब्द मात्र लख्ख. निरक्षर माणसालाही एका ऐकण्यात गाणं पाठ व्हावं असे. स्वस्त कॅसेट आली आणि हा आवाज चहाच्या गाड्यावर, यंत्रमागाच्या शेडमध्ये, ट्रकच्या केबिनमध्ये गेला. आमच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटातूनही तो ऐकू यायचा. मागांवर मात करणारा दुसरा गायक मी तरी ऐकला नाही.

माझा भाचा अमेरिकेत शिकतो. माझी ही चिडचिड फोनवर ऐकून त्याने मला ‘द डिलर्ड्स’ नावाच्या बँडचा एक संग्रह पाठवला. मिसुरी राज्यातल्या सेलम गावचे डग आणि रॉडनी डिलर्ड हे भाऊ आणि त्यांचे साथीदार. डोंगराळ मुलखातलं ब्लूग्रास संगीत घेऊन निघाले आणि विजेची वाद्यं जोडत कंट्री-रॉकच्या वाटेला लागलेल्या पहिल्या काही बँडपैकी एक ठरले. संग्रहाच्या नावातच सालं आहेत, १९६३ ते ७०. मला त्यातली भाषा निम्मी कळत नाही, पण डगचा बँजो सुरू झाला की मान हलते. तो बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांच्या हातचा. नंतर गोऱ्यांच्या अंगणात गेला आणि मूळ हात विसरले गेले. आपला बेंजो अगदी निराळा. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं आणि आपल्या कव्वालीवाल्यांनी, मिरवणुकीच्या पार्ट्यांनी त्याला बेंजो करून टाकलं. डाव्या हाताची बोटं कळांवर, उजव्या हातात नखी, आणि गाणाऱ्याने श्वास घेतला की तेवढ्या फटीतून धावून जायचं.

पण मी सालांचं बोलत होते. त्या परक्या संग्रहात कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत ते तरी कळतं. माझ्या पेन ड्राइव्हवर साल नाही, कवी नाही, संगीतकार नाही. ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’ महाराष्ट्रातल्या प्रत्येक गणेश मंडपात वाजतं. ते हरेंद्र जाधवांनी लिहिलं, मधुकर पाठकांनी चाल दिली, हे किती मंडळांना माहीत आहे? आणि हेच हरेंद्र जाधव जन्मभर भीमगीतं लिहीत राहिले. लिहिणारा दोन्हीकडचा, गाणारा दोन्हीकडचा. मंडपवाल्यांनी मात्र अर्धा माणूस उचलला आणि अर्धा वस्तीत ठेवला. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ सत्यनारायणाला आवर्जून प्रल्हाद शिंदे लावायला सांगतात आणि १४ एप्रिलला त्याच आवाजाबद्दल स्पीकरची तक्रार करतात. माझं त्यांच्याशी बोलणं तुटलं ते तेव्हापासून, आणि ते तसंच राहू दे.

संत चोखोबाही मंगळवेढ्याचेच. तिथे गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते गाडले गेले, साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, समाधी झाली महाद्वारासमोर, देवळाबाहेर. त्यांच्या माणसांना आत पाऊल टाकायला १९४७ उजाडावं लागलं, साने गुरुजींना त्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषणाला बसावं लागलं. मंगळवेढे तालुक्यातला एक मुलगा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांचा अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ आला; तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. आजीला वाचता येत नव्हतं. पण चोखोबाच्या पायरीशी ती थांबायची, नारळ फोडायची नाही, हात जोडायची नाही, नुसती पदर सावरून उभी राहायची. आत कधी गेली नाही. आजोबांना दिलेला शब्द होता, की आणखी काही, हे मी विचारलं नाही.

जीपमध्ये टाळ्या थांबल्या तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “बदल की ती.” ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि म्हणाला, “बटण अडकलंय, निघंना.” माचणूर गेलं, भीमगीतांमागून भीमगीतं वाजत राहिली. आजी एकटी ताल धरून होती, आणि नंतर नंतर माळवाल्या बायकांपैकी एकीची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. बहुतेक तिच्या नकळत. मंगळवेढ्याच्या स्टँडवर उतरताना मी वळून बघितलं, तर ड्रायव्हरने एका बोटाने ते बटण दाबलं, कॅसेट अलगद बाहेर आली आणि त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली.

तो ड्रायव्हर कोण, कुठला, मला माहीत नाही. पण संग्रह कसा करावा हे त्याला कळलं होतं.

२००४ च्या मे महिन्यात भीमगीतांचे लोककवी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत जे सुतक होतं ते दोन घरांचं होतं. पुढे प्रल्हाद शिंद्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद गात राहिले, आता नातू आदर्श गातो. सिनेमातही गातो, लोक तिकीट काढून ऐकतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

गेल्या आठवड्यात मी तो पेन ड्राइव्ह आणि आमच्याकडची एक जुनी भीमगीतांची कॅसेट घेऊन आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या बेंजोवाल्याकडे गेले. दिवसा माग, रात्री कव्वाली पार्टी, असं आयुष्य काढलेला माणूस. बेंजो अजून खाटेखाली आहे, दोन कळा निघाल्यात, तारांना गंज. मुलगा कीबोर्ड वाजवतो. त्यांनी एक विठ्ठलाचं गाणं ऐकलं, मग कॅसेटवरचं एक. दोन्हीकडे कडव्याआधी बेंजो एक छोटी उडी घेतो, वरच्या सुराला नुसता स्पर्श करून परत येतो. तिथे ते थांबले. “हात एकच वाटतो,” म्हणाले. पुन्हा लावायला सांगितलं. “पहिल्यात नक्की. दुसऱ्यात तार जरा उतरलीय, त्यामुळं सांगता येईना.” वाजवणाऱ्याचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं.

मी आता वहीत यादी करायला घेतली आहे. गाणं, कवी, चाल कुणाची, साथ कुणाची, साल. शेवटचे दोन रकाने जवळजवळ कोरे आहेत. तुमच्याकडे जुन्या तबकड्यांची पाकिटं असतील, कॅसेटच्या डबीतली घडीची कार्डं असतील, विठ्ठलाची असोत की भीमाची, रद्दीत घालण्याआधी मागची बाजू वाचून बघा. कधीकधी तिथे अगदी बारीक अक्षरात ढोलक आणि बेंजो वाजवणाऱ्यांची नावं असतात.